पट्टीच्या मिशा

आमच्या सूनबाईशी भांडायचीही सोय नाही. मी आवाज चढवला की ती "बरं आई" म्हणते नि बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला जाते. येते ती थेट, "चहा टाकू?" विचारत. अहो, टाळी काय एका हाताने वाजते? सून कशी घराला चिकटून हवी. ही आपली सुटी सुटी.

ती प्रयोगशाळेत भट्टीची आग सोसणाऱ्या पट्ट्या बनवते. चिनी मातीसारखं कडक काहीतरी, आत केसाएवढे धागे. परवा मोडकी पट्टी घरी आणली, टेबलावर ठेवली नि अंघोळीला गेली. मोडलेल्या तोंडातून धागे मिशांसारखे बाहेर आलेले. म्हटलं, पोरीचं काम फुटलं, उद्या साहेबांना काय दाखवेल? कात्री घेतली, मिशा सफाचट केल्या नि दोन्ही तुकडे डिंकाने बेमालूम सांधले.

ती बाहेर आली, पट्टी उचलली. चेहराच उतरला.

"आई, मिशा कुठे गेल्या?"

"कापल्या. शोभत नव्हत्या."

मुलाने कपाळावर हात मारला. "अगं, साहेबांना त्याच तर दाखवायच्या होत्या!"

मी कंबर कसली. आज तरी ही भांडेल! पण ती बाल्कनीत गेली नि परतली ती चहा घेऊनच.

"आधी धागे मातीला फार घट्ट चिकटायचे," ती म्हणाली. "तडा गेला की आरपार, बशीसारखे दोन तुकडे. या वेळी धाग्यांना पातळ लेप दिला. धरून राहतात, पण ताण आला की जरा सरकतात, मग तडा वाटेतच अडतो. ही पट्टी मी मुद्दाम जोर लावून पुरती मोडली. मिशा ही त्या सरकण्याची खूण."

"मग आता गं?"

"एक पट्टी उरलीय. उद्या साहेबांसमोर मोडायची. मिशा नाही निघाल्या तर काम बंद."

दुसऱ्या दिवशी माझा जीव टांगणीला. संध्याकाळी तिने दारातच पिशवी उघडली. मिशा! चांगल्या झुबकेदार. काम चालू राहिलं होतं.

"कात्री लपवा रे," मुलगा ओरडला.

मी त्याला गप्प केलं नि तिचा हात धरला.

"ऐक गं. मी एवढी आदळआपट करते, तरी हे घर बशीसारखं फुटलं नाही, ते तू सरकतेस म्हणून. उपकार आहेत तुझे. अशीच सुटी राहा. चहात साखर मात्र वाढव."