उभ्या बाईचा कोट

मास्तरीण गेल्याचं कळलं तेव्हा मास्तर शिवणाच्या दुकानात काजं करत बसला होता. ती सकाळीच पलीकडच्या तीरावर मापं घ्यायला गेली होती. दुपार टळली तरी आली नाही, तेव्हा तो मनात म्हणाला, बसली असेल कुणाच्या तरी ओट्यावर गप्पा छाटत. तेवढ्यात नाववाली दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी ती धक्का सोडून कधी वर येत नसे.

"मास्तर, बाईंना घेऊन आलेय. माप घेता घेता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. चला."

मास्तरने हातातलं काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला आणि तिच्यामागून धक्क्यावर गेला. काज तसंच टाकून का उठलो नाही, हे त्याला अजून सांगता येत नाही.

लोक भेटायला आले. नदीने आणून टाकलेल्या माणसांचंच ते शहर. कुणाचे वाडवडील मिठाच्या होड्यांतून आलेले, कुणाचे डोंगरातून उतरलेले. मास्तरचा आजा पूल बांधायला आला आणि पूल झाला तरी परत गेला नाही. मास्तरीण मिठाच्या होडीवाल्यांतली. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. पुढे कपडे मात्र तिच्याकडूनच बेतून घेतले. तिला सगळ्यांच्या बोली यायच्या. मास्तरला एकच यायची, आणि तीही तो जपून वापरायचा. आता प्रत्येकजण आपापल्या बोलीत काहीतरी बोलून गेला. मास्तरला निम्मं कळलं नाही, आणि कळलं तेही आत कुठे पोचलं नाही.

नाववालीने त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही. तिने माप दिलेला कोट बेतायचा राहिला होता. निदान तेवढा तरी आपल्या हातून व्हावा, असं मास्तरला वाटलं. बाकी कशाचंच काही वाटत नव्हतं.

मास्तरीण मापाची पट्टी वापरत नसे. दर गिऱ्हाइकाची एक सुतळी. गळा, खांदा, पाठ, मनगट, सगळ्याला गाठी. भिंतभर खिळ्यांना सुतळ्या लटकत होत्या. नाववालीची त्याने वासावरून ओळखली, तिला डांबराचा वास होता. पण पाठीची गाठ फारच खाली होती. थकली होती, चुकली असेल, असं म्हणून त्याने बोटभर वर धरून कापड कापलं आणि कोट शिवून टाकला.

नाववालीने कोट चढवला. अगदी नेटका बसला. मग ती पाटावर बसली, दोन्ही हात पुढे टाकले आणि वल्हं ओढल्यासारखं केलं. कोट मागून कंबरेच्या वर चढला.

"मास्तर, हा उभ्या बाईचा कोट आहे. मी उभी असते कधी?"

"गाठ खाली होती. मला वाटलं, चुकली."

"बाई? आणि चुकणार?" नाववाली हसली. "मला इथेच पाटावर बसवायच्या. म्हणायच्या, वल्हं मार. मी आपली हवेत वल्हं मारतेय आणि त्या गाठी मारतायत. हमालांना हात वर करायला लावायच्या. डोंगरवाल्यांना सांगायच्या, असतील नसतील तेवढे कपडे अंगावर घालून या. तुम्ही तर मागेच बसायचात की!"

"मी काजं करायचो."

"मग मान वर करून बघायचं तरी कधी!"

मास्तरने कोट काढून मागितला. त्याने कोट उसवला आणि पाठीला जोड दिला.

"जोड दिसतोय," तो म्हणाला.

"दिसू दे. माझी पाठ मला कुठे दिसते?" असं म्हणत तिने कोट अंगात घातला आणि धक्क्याकडे निघून गेली.

त्यानंतर मास्तर एकेक सुतळी हातात घेऊन बघू लागला. एका भाजीवालीच्या सुतळीत एक बाजू दुसरीपेक्षा लांब होती. तिच्या कडेवर कायम मूल. गोदामं बंद पडली तेव्हा जे शहर सोडून गेले, त्यांच्याही सुतळ्या होत्या. ती माणसं परत आली नाहीत, पण मास्तरणीने त्या खिळ्यावरून काढल्या नव्हत्या. त्यानेही काढल्या नाहीत.

बेतलेल्या कापडांच्या गठ्ठ्यात अगदी तळाशी एक राखी कोट निघाला. त्याची सुतळी कुठेच नव्हती. मास्तरने तुकडे टेबलावर मांडले. पाठ लांब, पुढा आखूड, उजवा खांदा जरा खाली. दिवसभर टेबलावर वाकून कात्री चालवणाऱ्या बाईचा कोट. अशी बाई त्या दुकानात एकच होती.

त्याने त्या खालच्या खांद्यावरून बोट फिरवलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मग त्याने तुकड्यांची घडी घालून ती होती तिथे ठेवली आणि मशीनवर बसला.

बाकीच्यांचे कपडे तो शिवतो. हमालांना हात वर करायला लावतो. राखी कोट तसाच आहे. पाठीला पुढा जोडायचा आहे, बाह्या लावायच्या आहेत, काजं करायची राहिली आहेत.