अहेव पुनव

आकारामनं धोतराचा सोगा खोचून दिला आणि दोन पावलं मागं सरून तो राहीकडं बघत राहिला.

"आता कसं! माणसात आल्यागत दिसतोस."

राहीनं खाली बघितलं. शर्ट आकारामचाच होता, खांद्यात सैल. केसांचा बुचडा पटक्याखाली कोंबला होता. स्वामींच्या मंडपात त्यांच्या पंथाची कंठी घालायच्या आधी न्हावी तो बुचडा उतरवणार होता. अंगावर पदर नसला की पाठीला वारा लागतो, हे ती विसरूनच गेली होती.

"आन् परडी?" तिनं विचारलं.

"हाय तितं राहू दे. परत आलो की हिरीत सोडू."

देवीच्या जोगव्याची परडी आकारामच्या गोठ्यात मेढीला लटकत होती. राहीनं तिकडं बघायचं टाळलं.

मिसरूड फुटायच्या आत सिद्धूला देवीला सोडलं होतं. लुगडं नेसला आणि सिद्धूची राही झाली. मंगळवार-शुक्रवारी ती जोगवा मागायला दारात आली की बाया परडीत मूठभर पीठ घालत, पायावर पोरं घालत. तिच्या चहाची कपबशी मात्र गोठ्याच्या वळचणीला वेगळी असायची. तेवढ्यावर तिचं आयुष्य चाललं होतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. जत तालुक्यात माणसं पाला खायच्या बेताला आली, तेव्हा मठाच्या स्वामींनी जागोजागी चुली पेटवल्या. ज्यांच्या आमटी-भाकरीवर पोरं जगली, त्यांचा शब्द मोडायचा कसा? पाऊस परतला आणि गावंच्या गावं कंठी घालून आली. स्वामी म्हणाले, परडीत घालू नका. राही दारात उभी राहिली की आतल्या जात्याची घरघर थांबायची, पण दार उघडायचं नाही.

धाकटा भाऊ आकाराम तिच्या खोपटावर आला तो ज्वारी काढायच्या दिवसांत. बराच वेळ काड्या मोडत बसला.

"स्वामी म्हनत्यात, लुगडं सोडून आला तर त्यालाबी पंगत हाय," तो म्हणाला. "घरामागच्या परड्यातली खोली तुला देतो. उद्या तू मेलास तर माज्या पोरांनी आग द्यावी, का गावानं वढत न्यावं? सांग."

गावानं ओढत नेलेलं राहीला नको होतं. म्हणून ती आज निघाली होती.

मंडप म्हणजे पत्र्याचं गावच होतं. विजापूरपासून सांगलीपर्यंतची माणसं लोटली होती. डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका. कर्ण्यावर मधूनमधून हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होते. राहीचे पाय आपसूक उजवीकडं वळले. आकारामनं दंडाला धरून तिला डावीकडं घेतलं आणि पंगतीत शेजारी बसवलं.

पलीकडचा मिशाळ म्हातारा वाकून म्हणाला, "आकाराम, ह्यो पावना कोन रं?"

"माजा थोरला भाऊ. सिद्धू."

"मग इतकी वर्सं कुटं दडला हुता? मिल्ट्रीत?"

"व्हय, मिल्ट्रीत," आकाराम घाईनं म्हणाला.

"तरीच गड्या! बसनं बघ कशी ताठ हाय."

राहीनं भाकरीचा तुकडा मोडला. आकारामचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. ऊन, घामेजलेला, लहानपणी एका वाकळेखाली लागायचा तसाच. स्वामींचा आवाज आला, "इथं कुणी परका नाही." मंडपभर जयजयकार उठला. राहीचे डोळे खरोखरच भरून आले. आकारामनं ते बघितलं आणि आपल्या पानातली गुळाचा खडा तिच्या पानात सरकवला.

वाढायला बनाबाई आली. आकारामची बायको. नवऱ्याच्या देखत ती म्हणाली, "भावजी, आमटी घालू?"

राहीनं हात आडवा धरला. बनाबाईची नजर मनगटावर थांबली.

मनगट रिकामं होतं. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवी विधवा होते, तेव्हा तिचे जोगते बांगड्या फोडतात. माघातल्या पुनवेला देवीचं अहेवपण परत येतं आणि नव्या बांगड्या भरायच्या. भरताना माहेरच्या बाईनं हात धरायचा. राहीला माहेर म्हणजे आकारामचं अंगण. तिथं दरसाल बनाबाई बसायची. आज माघातली पुनव होती.

जेवणं उरकली. आकाराम कंठीच्या रांगेत जागा धरायला गेला. राही मंडपाच्या मागं हात धुवायला आली. बनाबाई तांब्यानं पाणी घालत होती. पाणी संपलं तसा तिनं राहीचा हात धरला. बोटं एकत्र करून तिनं ती आपल्या मुठीत दाबली, बांगड्या भरताना चेपतात तसं अंगठ्याखालचं हाड चेपलं.

"ढिला सोडा की हात, वन्सं," ती म्हणाली.

राहीनं हात ढिला सोडला.

"कासार भायेर बसलाय," बनाबाई पुटपुटली. "कुंपनाच्या कडंला."

कासारानं राहीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काही विचारलं नाही. हिरव्या बांगड्यांचा जुडगा सोडता सोडता एवढंच म्हणाला, "शर्टावर कदी भरल्या न्हाईत बाबा. बाह्या तरी वर घ्या, बाई."

बनाबाईनं हात धरला. बांगड्या एकेक करून चढल्या. शेवटची चढली तशी बनाबाईनं त्यांना बोटं लावून डोळ्यांना लावली.

"आकारामनं इचारलं तर काय सांगशील?" राहीनं विचारलं.

"वाढत हुते म्हनीन." पदर सारखा करून ती झपाझप मंडपाकडं गेली. मागं वळून बघितलं नाही.

राही गावाच्या वाटेला लागली. ज्वारीच्या रानातनं कणसं खुडणाऱ्या बायांनी मान वर केली, धोतर बघितलं, मनगटं बघितली आणि पुन्हा खाली वाकल्या.

मंडप बराच मागं पडला तेव्हा कर्णा खरखरला.

"सिद्धू, आकाराम यांचे थोरले बंधू, जिथं असतील तिथून मंडपाच्या दाराशी यावं."

ती चालत राहिली. पुन्हा खरखर झाली. या वेळी आवाज दुसराच होता, कर्ण्यात तोंड फार जवळ नेलेला.

"दादा, कुटं हायस रं? मी हितंच उभा हाय."

राही बांधावर थांबली.

"हाय की रं," ती म्हणाली. एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार.

कर्णा आणखी एकदा बोलला, मग कुणाच्या तरी हरवलेल्या पोरीचं नाव सांगू लागला. शर्टाची बाही घसरून बांगड्यांवर आली होती. राहीनं ती कोपरापर्यंत दुमडली आणि पाऊल उचललं. आकाराम घरी पोचायच्या आत मेढीवरची परडी काढून घ्यायला हवी होती.