बोटभर समास

डोकं फिरलंय माझं. आणि राग काढावा तर कुणावर? चूक माझीच हाय. मराठी शिकवते म्हणे मी शाळेत!

आमचे बाबा, रामकिसन, एसटीत कंडक्टर. कन्नड गावच्या गाडीवर सगळी नोकरी गेली. त्यांच्या बॅगेत कायम एकच कादंबरी असायची, ताटातूट झालेल्या दोन भावांची. लई आतवर लागली होती ती त्यांना. दरवर्षी वाचायचे आणि जे वाटलं ते समासात पेन्सिलीनं लिहायचे. आम्हाला वाटायचं, काहीतरी गिरगटतात.

बाबा गेले तेव्हा आमच्या मायला, सत्यभामाला, अक्षरओळख नव्हती. साठीत ती विहारातल्या वर्गात जाऊन बसली, बाराखडी गिरवली. कशासाठी? तर त्या पेन्सिलीच्या ओळींसाठी. छापलेलं सोडून द्यायची आणि कडेचं तेवढं वाचायची, बोट ठेवून, ओठ हलवत.

मला काय अवदसा आठवली! पानं सुटी झाली होती. माय आठ दिवस हर्सूलला मावशीकडं गेली, तेवढ्यात मी ते पुस्तक उस्मानपुऱ्यात कडूबा बाइंडरकडं नेऊन दिलं. वर ऐटीत सांगितलं, "कडूबाभाऊ, एकदम नवं करून द्या."

नवंच केलं त्यानं. लाल कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. उघडून पानं चाळली. तिन्ही बाजू गुळगुळीत कापलेल्या, पेन्सिलीची एक ओळ शिल्लक नाय.

"अहो, हे काय करून ठेवलं?"

"कडा पार कुरतडल्या होत्या ताई. बोटभर कटिंग घ्यावंच लागलं. छापील अक्षराला धक्का नाय लावला."

"कडेला लिहिलेलं दिसलं नाय तुम्हाला?"

"दिसलं की. लोक पुस्तकं खराब करतात. तुम्हीच म्हणल्या, नवं करा."

कातरणाचं पोतं सकाळीच भंगारवाल्यानं नेलं होतं. मी दुकान डोक्यावर घेतलं, पण काय उपयोग?

माय आली. तिनं पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वही आण," म्हणाली, "आणि लिही."

मग एकेक पान सांगत सुटली, तोंडपाठ. "पान अकरा. 'धाकटा निघाला. माझाबी भाऊ असाच गेला.' पान चाळीस. 'इथं रडलो. प्रवाशांना सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.' पान सत्त्याण्णव. 'सत्यभामाला हे वाचून दाखवायला पाहिजे. लाज वाटते.'"

तीस वर्षं घरात होतं ते पुस्तक, आणि मी मास्तरीण, एकदा उघडून बघितलं नाय.

एकशे नव्वदाव्या पानावर माय थांबली. अजून बावीस पानं होती.

"पुढं?"

"पुढचं माहीत नाय."

"विसरलीस?"

"वाचलंच नाय."

"अगं माय, दोन वर्षं उशाशी होतं की तुझ्या!" मी ओरडलेच.

"राखून ठेवलं होतं," ती म्हणाली. "सगळं वाचून संपलं असतं, तर तुझे बाबा माझ्याशी नवीन काय बोलले असते?"