रुसुलच्या मुठीतली अंगठी

हाजी खलफ यांना माणसाचा चेहरा वाचता येतो हे आख्ख्या बगदादला ठाऊक आहे, कारण ते स्वतःच तसं सांगत फिरतात. रमजानात इफ्तार आटोपला की आमच्याकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत अंगठीचा खेळ रंगतो. एका बाजूची माणसं ओळीने बसतात, चादरीखालून एकाच्या मुठीत अंगठी जाते आणि समोरच्यांचा म्होरक्या नुसते चेहरे न्याहाळत एकेक मूठ बाद करत जातो. शेवटी जिच्यावर संशय त्या मुठीसमोर उभा राहून म्हणतो, "दे अंगठी." तो चुकला, तर जिच्यात अंगठी असते ती मूठ उघडते, "बात!" अशी आरोळी उठते आणि डाव लपवणाऱ्यांचा होतो. हाजी खलफ हे फदल नावाच्या मोहल्ल्याचे म्होरके. मी काझमिया मोहल्ल्याची. आमच्या लोकांना त्यांनी इतक्यांदा धूळ चारलीय की त्यांचं नाव निघालं तरी माझ्या नवऱ्याचं जेवणावरचं मन उडतं.

त्यामुळे यंदा रमजानात त्यांची नात अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आमच्या मुलांच्या वॉर्डात आली तेव्हा मला वाईट वाटलं, पण हाजी आयतेच माझ्या तावडीत सापडले याचा आनंदही झाला. खोटं कशाला बोलू?

रुसुल आठ वर्षांची. आई घरी तान्ह्या बाळापाशी अडकलेली, म्हणून रात्री आत्या सोबतीला यायची आणि दिवसा आजोबा, तिचे जिद्दू. जखमेची पट्टी बदलायचा ट्रे नुसता दिसला तरी ही पोरगी असा टाहो फोडायची की बाकीची मुलंही सुरात सूर मिसळायची. आमच्या डॉक्टर सुहैला नुकत्याच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. औषध द्यायचंच, पण सोबत मुलांचं मन दुसरीकडे गुंतवायचं, म्हणजे दुखणं कमी जाणवतं, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. त्यासाठी साबणाचे फुगे आले, कार्टून आली. रुसुलने बोटाने एक फुगा फोडला आणि विचारलं, "आता पट्टी काढणार ना?"

हाजी खुर्चीत माळ ओढत बसले होते. म्हणाले, "फुगे कसले दाखवता, सिस्टर इब्तिहाल? नात कुणाची आहे ती!" आणि बोटातली फिरोजाची अंगठी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

पाच मिनिटांत वॉर्डाचा मोहल्ला झाला. सगळी मुलं एका बाजूला, हाजी एकटे दुसऱ्या. भरदुपारी हा खेळ आपण जन्मात खेळलो नाही, अशी कुरकुर त्यांनी केली. मी विचारलं, "का हो, उजेडात दिसत नाही का तुम्हाला?" मी पांघरुणांखालून हात फिरवत गेले आणि अंगठी रुसुलच्या डाव्या मुठीत सरकवली. जाताजाता तिच्या कानात सांगितलं की आता चेहऱ्यावरची रेष हलता कामा नये.

हाजी एकेका खाटेपाशी थांबू लागले. पायाला प्लॅस्टर घातलेला करार नावाचा मुलगा त्यांना बघूनच फिदीफिदी हसला आणि बाद झाला. फुशारकी मारल्याशिवाय या माणसाला राहवत नाही, म्हणून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चेहरा सांभाळता येतो, सिस्टर. पायाची बोटं कुणालाच सांभाळता येत नाहीत. मी नेहमी खाली बघतो."

तोवर मी पट्टी सोडवायला घेतली होती. रुसुल छताकडे बघत पडून होती. जखम पुसली, नवी पट्टी लावली, तरी पोरीने ताकास तूर लागू दिली नाही. सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत होता. तेवढ्यात डॉक्टर सुहैला विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन राउंडला आल्या आणि त्यांनी भेटीला आलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं. हाजी तसेच नमाजाला गेले. पट्टी न रडता झाली हे ऐकून डॉक्टरांनी सगळं श्रेय प्रशिक्षणाला दिलं, आणि मीही त्यांना ते देऊ दिलं.

दुपारभर मी रुसुलला विचारत होते, दुखतंय का? ती मान हलवून नाही म्हणायची. दुखलं तर द्यायचं औषध कपाटात तयार होतं, ते तिथेच राहिलं. करारने दोनदा मागून घेतलं. मी त्याला ऐकवलंसुद्धा, "बघ, ती मुलगी असून कशी शहाण्यासारखी पडलीय." स्वतःवर भलतीच खूश होते मी.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. खजूर आणि मसूरच्या सुपाने रोजा सोडून मी परत आले, तर रुसुलच्या कपाळावर घाम होता आणि ओठ सुकले होते. चेहरा मात्र तसाच बंद. ताप नव्हता, जखम ठीक, पोट मऊ. दुखतंय का? नाही. त्या नाहीची मला भीती वाटली.

हाजी जिलबीसारख्या झलाबियाचा डबा घेऊन आले. नातीला अजून गोड चालणार नाही हे त्यांना सकाळीच सांगितलं होतं, पण ऐकतील तर हाजी कसले. पायथ्याशी उभं राहून त्यांनी पांघरूण नीट करायला उचललं आणि ते थांबले. रुसुलच्या पायाची बोटं गच्च आत वळली होती.

"सिस्टर, माझी अंगठी कुठंय?"

"तुमच्याकडे नाही?"

आम्ही दोघांनी एकदमच तिच्या डाव्या मुठीकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. डाव कुणी संपवलाच नव्हता. आणि डाव चालू असताना ज्याने मूठ उघडली, त्याचं नाव आमच्या मोहल्ल्यांत त्याच्या लग्नापर्यंत चेष्टेत निघतं. दुपारपासून ही एवढीशी पोर चेहरा धरून पडली होती आणि मी तिला शहाणी म्हणत होते. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

"रुसुल, खेळ संपला गं. उघड मूठ."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिद्दूंनी अजून मागितली नाही."

हाजींनी स्टूल ओढलं. अंगठी डावीकडे आहे हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. पण या माणसाने आजवर कुणालाही मुद्दाम जिंकू दिलेलं नव्हतं. रुसुलचा बाप लहानपणी रडला होता, तरी याने त्याच्या मुठीतून अंगठी काढून घेतली होती. ती गोष्ट ते स्वतःच अभिमानाने सांगतात. ते दोन्ही मुठी निरखत, दाढी कुरवाळत बसले. माझा संताप होत होता. घ्या ना एकदाची, म्हाताऱ्या माणसा, पोरीचा जीव चाललाय.

"उजवी," हाजी म्हणाले. "दे अंगठी."

रुसुलने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग डावी मूठ उघडली. "बात," ती पुटपुटली आणि त्याच दमात तिचं तोंड वाकडं झालं. दुपारभराचं सगळं रडू एकदम बाहेर आलं. मी केव्हाच सलाइनमधून औषध सोडायला घेतलं होतं.

हाजी तिचं डोकं छातीशी धरून बोलत राहिले. "चेहरा मला फसवायला असतो, बाळ, सिस्टरला फसवायला नाही. तिने विचारलं की लगेच मूठ उघडायची."

"आणि मग मी हरले तर?" तिने हुंदके देत विचारलं.

"सिस्टर काझमियाची आहे. तिच्याशी कुणी हरत नाही."

एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं.

हळूहळू औषध लागू पडलं, पायाची बोटं सैल झाली आणि रुसुल अंगठी हातात घेऊनच झोपली. तिकडे करारने हाजी खलफ हरले अशी दवंडी पिटायला सुरुवात केली होती, आणि त्याची आई फोनवरून ती बातमी कुणाला तरी कळवत होती. आज ती फदलपर्यंत पोचणार, उद्या काझमियापर्यंत. माझा नवरा तर पेढे वाटल्यासारखा बकलावा वाटत सुटणार.

हाजी डबा उघडून निमूटपणे झलाबिया खात होते. मी जवळ जाऊन विचारलं, "डावीत होती हे कळलं होतं ना तुम्हाला?"

"नजर गेली आता. वय झालं." चेहरा दगडासारखा. एक पापणीसुद्धा हलली नाही.

मी खाली पाहिलं. चपलेतली बोटं गच्च वळलेली होती.

"हाजी," मी म्हटलं, "उद्या येताना मोजे घालून या."