रोडाबाईची पिलं

"खाली ठेव, मी उचलते."

हे शब्द अजून किती घरांत बोलले जातात, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडच्या वस्तीत राहणाऱ्या रुखमाबाई ते रोज बोलत. शेजारची कौसल्या काही घेऊन आली, की तिने ते ओट्यावर ठेवायचं, मागं सरायचं, मग रुखमाबाईंनी उचलायचं. कौसल्येच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला आता बारा वर्षं होत आली. रुखमाबाईंच्या हाताला मात्र ती बातमी अजून पोचली नव्हती.

तशा त्या मनाच्या वाईट नव्हत्या. त्यांची माया पाहायची तर कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पाहावी! यजमान शालिकरामांनी सरकारी केंद्रातून तांबड्या विलायती कोंबड्यांची एक जोडी आणली होती. जातीचं नाव ऱ्होड आयलंड रेड. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? रुखमाबाईंनी कोंबडीची 'रोडाबाई' करून टाकली. नाव रोडाबाई, अन् अंग कसं, तर ज्वारीनं भरलेल्या गाठोड्यासारखं! नागपूरचं ऊन असो की पुसातली थंडी, उकिरडा उकरून पोट भरायची. अंडी द्यायला खंबीर, आणि पाहुण्यांच्या रश्श्यालाही ही जात भरदार. खोड एकच. अंड्यांवर बसणं तिला ठाऊकच नव्हतं. अंडं दिलं की चालली उंडारायला.

"आजकालची सून हाये ना!" रुखमाबाई म्हणायच्या. अन् त्यांची खरी सून गोपिका, कडेवरच्या लेकीच्या आड तोंड लपवून हसायची.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मुंगसाने रोडाबाईची मान धरली. रुखमाबाईंना दोन घास गोड लागेनात. टोपलीत तिची शेवटची अंडी उरली होती. ती उबली नाहीत, तर रोडाबाईचं नावनिशाण संपलं. आणि गल्लीत अंड्यांवर बसायला खुडूक झालेली कोंबडी होती एकच, कौसल्येची गावठी कबरी.

"तिले इकडं आणून बसव," रुखमाबाई म्हणाल्या.

"खुडूक कोंबडी जागची हालवली का उठते, मावशी. मंग बसत नाही," कौसल्या म्हणाली. "अंडीच माह्या घरी येऊ द्या. चुलीजवळ बसली हाये ती."

पिलं निम्मी-निम्मी वाटून घ्यायचं ठरवून रुखमाबाईंनी टोपली ओट्यावर ठेवली. कौसल्येने ती उचलली.

मग रोजचा नेमच झाला. रुखमाबाई कौसल्येच्या दाराशी जायच्या, उंबऱ्याबाहेरून मान लांब करायच्या.

"उठली त नाही ना वं?"

"उठते ना, दाणे खायले. तिले काय पोट नाही?"

एका सकाळी कौसल्येची हाक आली, "मावशी, या वं लवकर! पिलं टोचा मारून राहिले!"

गोपिका लेकीला घेऊन सरळ आत गेली. रुखमाबाई धावत आल्या, आणि उंबऱ्याशी थबकल्या. आतून चिवचिव ऐकू येत होती. एवढ्यात कौसल्या ओंजळीत एक ओलं पिल्लू घेऊन दाराशी आली. त्याची मान लोंबत होती.

"कबरीनं याले बाहेर लोटलं. गार पडून राहिलं. मले चूल पेटवा लागते. धरा."

सवयीनं रुखमाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "खाली ठेव, मी..."

कौसल्या जागची हालली नाही.

"खाली? या गार जमिनीवर? ठेवते. पण मंग उचलाले काही राहणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "इतके दिवस तुमची अंडी माह्या कोंबडीच्या पोटाखाली होती, मावशी. तवा नाही विटाळली? माह्या घरची ऊब चालते, त हात काहून चालत नाही?"

रुखमाबाईंनी आत उभ्या सुनेकडे पाहिलं.   तिच्या कडेवरची चिमुरडी टक लावून पाहत होती, आजीच्या पाठीमागं गेलेल्या हातांकडे!

ते हात पुढे आले. ओंजळीला ओंजळ लागली. केवढी ऊब होती कौसल्येच्या हातांना! आपण इतकी वर्षं कशाला भीत होतो?

रुखमाबाई उंबरा ओलांडून आत गेल्या, चुलीपाशी बसल्या, पिल्लाला पदरात घेऊन त्यावर श्वास सोडत राहिल्या. कौसल्या फुंकणीने जाळ करत होती. बऱ्याच वेळाने पदरात काहीतरी हललं. मग बारीकसं, रुसल्यासारखं 'चीव' ऐकू आलं!

"जगलं वं माय!" रुखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कौसल्येचा हात घट्ट धरला.

ठरल्याप्रमाणे निम्मी पिलं रुखमाबाईंची. पण त्या म्हणाल्या, "आईपासून तोडू नको त्याईले. मीच येत जाईन."

"बाहेर उभं राहाले?"

"नाही वं, घरात. चिडवते काय?" मग हळूच विचारलं, "अन् तू? तू माह्या सयपाकघरात कवा येशीन?"

"बोलावलं असतं, त कवाचीच आली असती," कौसल्या म्हणाली.

मैत्रिणींनो, आपलं लेकरू बोलायला लागायच्या आधी आपले हात पाहायला शिकतं. तो हात कुणापुढं आखडतो, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. कायद्याने अस्पृश्यता गेली. आपल्या हातांतून ती आपल्यालाच काढावी लागेल, आणि तीही लेकरू पाहत असताना.