शुक्राचा ओके

“शुक्राभाऊ, इथं अंगठा द्या. ओके तुम्हीच दिलात, एवढंच लिहिलंय.”

इंजिनीअर सत्यजीतनं कागद पुढं सरकवला. काल सकाळपर्यंत तो ‘ए शुक्रा’ म्हणायचा. आज एकदम भाऊ झाला होता.

खारघरच्या त्या टॉवरवर शुक्राचं काम एकच. वर क्रेनमध्ये बसलेल्या हसनला खालचं दिसत नाही. माल नीट बांधलाय, खाली माणूस नाही, हे शुक्रानं पाहायचं आणि हातातल्या वॉकीटॉकीवर, म्हणजे वॉकीवर, ‘ओके’ म्हणायचं. बाकी साइटवर हा शब्द उठताबसता चाले. चहा ओके, सुट्टी ओके, साहेबांचा मूड ओके. शुक्रा मात्र तो जपून वापरी. बायकोनं, चिंधीनं, भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी तो ‘बरं हाय’ एवढंच म्हणे. तिला हसू येई.

काल लोखंडाच्या मोळीच्या वाटेत भरत उभा होता. शुक्राच्याच वाडीतला. “थांब,” शुक्रा वॉकीवर म्हणाला. स्लॅबला उशीर होत होता. सत्यजीतनं हात पुढं केला आणि शुक्रानं वॉकी त्या हातात ठेवला. साहेबानं हात केला की वस्तू द्यायची, ही जन्माची सवय.

“ओके, ओके, उचल रे!”

मोळी वर गेली, पट्टा सटकला. भरत जागीच गेला.

“मी थांब बोललेलो, साहेब.”

“हसननं लिहून दिलंय, आवाज तुमचाच होता. उगाच ताणू नका. अंगठा द्या, दुसऱ्या साइटवर लावतो तुम्हाला.”

शुक्रानं अंगठा दिला नाही. हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तो वाडीवर आला.

भरतला इस्पितळातून आणलं होतं. बातमी आधीच पोचली होती. भरतची आई भीमाबाई शुक्राला बघून म्हणाली, “तूच ओके दिलास ना रे?”

“नाय, काकी. सायबानं दिला.”

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण तिच्यासमोर अर्धंच बोलायची त्याला लाज वाटली.

“पन वॉकी मीच दिला त्याच्या हातात. भरत खाली दिसत व्हता मला.”

भीमाबाईनं तोंड फिरवलं.

तिरडी उचलली तेव्हा शुक्रा खांदा द्यायला पुढं झाला. भरतचा भाऊ अंकुश जागचा हलला नाही. शुक्रा दुसऱ्या बाजूला गेला. तिथंही कुणी सरकलं नाही. मग तो मागं झाला आणि मसणवट्यापर्यंत सगळ्यांच्या मागून, एकटा, चालत गेला.