जिभेचा व्यायाम

पाळकसाहेब बुधवारी दुपारी आले तेव्हा मंदाकिनी नवऱ्याला कुशीवर वळवत होती. दारातूनच 'जय ख्रिस्त' म्हणून ते आत आले आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. चांगदेवने त्यांच्याकडे पाहून ओठ हलवले. आवाज आला, शब्द आला नाही.

"चेहऱ्यावर तेज आलंय यांच्या," पाळकसाहेब म्हणाले.

मंदाकिनीने सकाळी त्याची दाढी केली होती, तेवढंच.

चांगदेव साळवे कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होता. रविवारी उपासनेत गीत उचलायचं काम त्याचं. फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत गुठळी अडकली आणि तो अकरा दिवस आयसीयूत होता. चर्चच्या मंडळीने साखळी उपास धरला. रोज एका घरी चूल बंद आणि प्रार्थना. बाराव्या दिवशी त्याने डोळे उघडले. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं.

"येत्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना आहे," पाळकसाहेब म्हणाले. "मंदाताई, तुम्ही साक्ष द्यावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे. एवढ्या लोकांनी प्रार्थना केली, देवाने ऐकलं. लोकांचा विश्वास वाढेल."

"बघते," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

बायकांच्या प्रार्थनासभेत इतकी वर्षं पहिली प्रार्थना तिचीच असायची. तिला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. आता फेब्रुवारीपासून तिने एकदाही हात जोडले नव्हते. देवावर रुसली होती म्हणून नाही. अठ्ठावीस वर्षं तिने नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं होतं. बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर पेशंट स्वतःच्याच हिरडीला बोट लावून बघतो, दुसऱ्याची असल्यासारखं. तसं तिला सगळ्याच बाबतीत होत होतं. औषधं वेळेवर देत होती, चादरी बदलत होती, आल्यागेल्याशी बोलत होती.

शुक्रवारी ती चांगदेवला रिक्षाने नौपाड्याला घेऊन गेली. तिथे संचिता नावाची मुलगी वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवायची. तीन महिने ती चित्रं दाखवत होती. कप. चावी. केळं. चांगदेवला कळायचं, पण तोंडातून 'तातात' एवढंच निघायचं, आणि मग तो डोळे मिटून घ्यायचा.

त्या दिवशी संचिताने चित्रं बाजूला ठेवली. "काकू, वर्षानुवर्षं म्हणून तोंडात बसलेलं काही आहे का काकांच्या? पाढे, आरती, एखादं गाणं?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत," मंदाकिनी म्हणाली. "प्रभूची प्रार्थना आहे. लहानपणापासून रोज म्हणायचे."

"मग तीच म्हणा. तुम्ही सुरुवात करा."

मंदाकिनीने सुरुवात केली. एक, दोन, तीन सांगावं तशी. दुसऱ्या शब्दाला चांगदेवचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. ती थांबली. तो थांबला नाही. स्वर्गातल्या बापाला मारलेल्या हाकेपासून ते आमेनपर्यंत त्याने प्रार्थना सलग म्हटली. जीभ थोडी जड होती, पण एकेक शब्द स्पष्ट. संचिताचे डोळे भरून आले. चांगदेव स्वतःच दचकल्यासारखा दोघींकडे बघत राहिला.

मंदाकिनी त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती. "म्हणजे आता बोलतील का?"

"लगेच नाही, काकू. पाठ झालेलं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. आपला विचार करून शब्द काढणं ते वेगळं. काका आत्ता जे म्हणाले ते समजून म्हणाले का, मला सांगता येणार नाही. पण जीभ वळतेय. दिवसातून तीनदा म्हणून घ्या."

तिने गोळ्यांच्या तक्त्यात एक ओळ वाढवली. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात. ती सुरुवात करायची, तो पुढे न्यायचा. त्याचे डोळे उघडे, तिचेही. रोजची भाकर मागणारी ओळ येईपर्यंत तिच्या डोक्यात दुपारच्या भाजीचा विचार सुरू झालेला असायचा.

रविवारी तिने त्याला व्हीलचेअरवर बसवून चर्चमध्ये नेलं. पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं तशी ती पुढे गेली.

"साळवे जिवंत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही उपास केलेत, दवाखान्यात डबे आणलेत, त्यासाठी मी आभारी आहे. देवाने ऐकलं असं मी म्हणावं म्हणून मला उभं केलंय. मला ते माहीत नाही. मला आत काहीच वाटत नाही. परवापासून दिवसातून तीनदा मी यांच्याबरोबर प्रार्थना म्हणते, ती जिभेचा व्यायाम म्हणून. खोटं बोलायला नको, म्हणून सांगितलं."

ती जागेवर येऊन बसली. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

उपासना संपल्यावर ते तिच्याजवळ आले. ते रागावले असतील असं तिला वाटलं होतं.

"हे मला आधी सांगायचंत, ताई."

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

त्यांची नजर चांगदेवच्या चपलेकडे गेली. चप्पल लुळ्या पायातून निसटली होती. "बावीस वर्षं मी दर रविवारी लोकांकडून ती प्रार्थना म्हणून घेतो," ते म्हणाले. "त्यातली किती वर्षं माझं मन तिच्यात होतं ते मला विचारू नका." मग त्यांनी खाली वाकून चांगदेवच्या पायात चप्पल घातली.

पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता ती नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून बसली आणि तिने पहिला शब्द उच्चारला.

"नको," चांगदेव म्हणाला.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा सुरुवात केली.

"नको." डावा हात आडवा हलवून तो म्हणाला. "नको."

तिने फोन करून सांगितलं तेव्हा संचिता आनंदाने हसायलाच लागली. "काकू, हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे. पहिला. त्यांना हवं ते ते बोलले. आता जबरदस्ती करू नका."

मंदाकिनीने तक्त्यातली ओळ खोडली. त्या दिवसभरात चांगदेवने चहाला, उशीला आणि भेटायला आलेल्या शेजाऱ्यांनाही नको म्हटलं. शेजारी गेल्यावर मंदाकिनीला थोडं हसू आलं. फार दिवसांनी.

प्रार्थना बंद पडली. चार दिवस कुणीच म्हटली नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, पण आठ वाजता, एक वाजता, सात वाजता नजर घड्याळाकडे जायची.

शनिवारी संध्याकाळी ती आमटीला फोडणी देत होती. सात वाजून गेले होते. आतून आवाज आला. आधी तिला वाटलं, टीव्ही लागलाय. मग तिने गॅस बारीक केला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

चांगदेव पलंगावर टेकून बसला होता. डोळे मिटलेले. डाव्या हाताने त्याने लुळा उजवा हात उचलून मांडीवर आणला होता आणि त्यावर तो डावा हात घट्ट धरून बसला होता. तो प्रार्थना म्हणत होता. कुणी सुरुवात करून दिली नव्हती. मध्ये एका शब्दाशी तो अडखळला, मागे गेला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. घाई नव्हती. तिला ऐकवण्यासाठी म्हणत नव्हता तो हे.

'नको' म्हणता येत नव्हतं तेव्हा म्हटलेलं आणि आता म्हटलेलं एकच नव्हतं, एवढं तिला कळलं. आत काही हललं का, हे तिने उभ्याउभ्याच तपासून पाहिलं. हललं नव्हतं.

तिने जाऊन गॅस बंद केला. परत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या दोन्ही हातांवर आपला हळदीचा हात ठेवला. तो ज्या ओळीवर होता तिथूनच ती त्याच्याबरोबर म्हणू लागली, त्याच्या वेगाने, त्याच्या मागून.